बेचाळीस मण्यांची बिअर

व्लास्तिमिल हा राकोव्हनीक गावच्या नगरपालिकेत कारकून होता. कारकुनाने अर्ज तपासावेत, बिअरच्या नादी लागू नये, हे त्याला सोडून अख्ख्या गावाला कळत होतं. पण एका रविवारी बदकाच्या तंगडीवर ताव मारता मारता तो बोलून गेला, "बाबा, तुमच्या सत्तरीला अंबर लागर बिअर मी स्वतः बनवणार."

सासरे बोहुस्लाव बिअरच्या कारखान्याचं तळघर छत्तीस वर्षं सांभाळून निवृत्त झालेले. त्यांनी काटा खाली ठेवला. "बनवा की, जावईबापू. अंगणातल्या गुलाबांनाही काहीतरी ओतावं लागतंच."

अकरा वर्षांत सासऱ्यांनी त्याचं कौतुक एकदाच केलं होतं, तेही छत्रीबद्दल. (ती छत्री त्याच्या बायकोची, ब्लांकाची निघाली.) आता माघार घेणं शक्य नव्हतं.

रेसिपीचे चौदा मसुदे झाले, प्रत्येक जावक क्रमांकासकट. माल्ट म्हणजे मोडवलेलं सातू किती, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं कधी, यीस्ट कोणतं, सगळं ठरलं. घोडं अडलं रंगावर. अंबरचा तो मधासारखा तांबूस रंग नेमका किती तांबूस? ब्लांकाकडे अंबरच्या मण्यांची माळ होती. बोहुस्लावनी लग्नात सासूबाईंना घातलेली आणि सासूबाईंनी लेकीला दिलेली. व्लास्तिमिलने ती न विचारता उचलली (विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, मग विचारून उपयोग काय) आणि हात मोकळे राहावेत म्हणून स्वतःच्या गळ्यात घातली.

माल्टचं पाणी उकळून, गार करून त्याने पिंपात भरलं. बघतो तर रंग गवती चहासारखा फिका. माळेशी ताडून पाहायला तो पिंपावर वाकला आणि माळ सुळकन आत गेली.

पिंपाच्या तोंडात त्याचा हात कोपरापर्यंतसुद्धा जाईना. पिंप उपडं केलं तर बिअर गेली. बायको चार दिवस रुसेल, लागर मात्र कायमची नासेल, असा विचार करून त्याने बूच ठोकलं. सहा आठवडे थंड तळघरात पिंपाला हात लावायचा नव्हता.

"माझी माळ पाहिलीस?" ब्लांकाने विचारलं.

"कुठली?"

"माझ्याकडे एकच आहे."

"मग तर नीट ठेवायला हवी होतीस."

बाबांच्या सत्तरीला माळ घालायचीच, म्हणून तिने सगळं घर उपसलं. माळ सापडली नाही. पिठाच्या डब्यामागे भाजलेल्या माल्टची पुडी मात्र सापडली, न फोडलेली. व्लास्तिमिलने वही काढून मसुदे पुन्हा चाळले. बिअरला रंग देणारा हा भाजलेला माल्टच घालायचा राहिला होता. चौदा मसुद्यांत 'पुडी फोडणे' हे कलम कुठेच नव्हतं.

सत्तरीच्या दुपारी अंगणात त्याने जीव मुठीत धरून तोटी फिरवली. पेल्यात उतरली ती थेट अंबर रंगाची बिअर. बोहुस्लावनी पेला उन्हात धरला, एक घोट घेतला, पुन्हा उन्हात धरला.

"रंग जमलाय," ते म्हणाले.

व्लास्तिमिलला खरोखर भरून आलं. "चौदा मसुदे केले, बाबा," तो विनयाने म्हणाला.

सातव्या पेल्याला तोटी तुंबली. बोहुस्लावनी सवयीच्या हाताने पिंपाचं बूच काढलं, आत तारेचा आकडा घातला आणि पांढऱ्याफटक मण्यांची माळ बाहेर ओढली.

"ही माझी माळ," ब्लांका नवऱ्याकडे बघत म्हणाली.

"आणि हे अंबर?" सासूबाई आपल्या नवऱ्याकडे बघत म्हणाल्या.

"काच आहे," बोहुस्लाव पुटपुटले. "जत्रेतली. वरून रंगवलेली."

दोघी केक उचलून आत गेल्या आणि दाराला आतून कडी लागली. पाहुणेही हळूहळू पांगले. अंगणात पिंप, सासरे आणि जावई एवढेच उरले. बोहुस्लावनी आपला पेला शांतपणे गुलाबांना ओतला, जावयाची वही मागून घेतली, चौदावा मसुदा चष्मा लावून पूर्ण वाचला आणि त्यावर उभी काट मारून खाली लिहिलं, 'मणी बेचाळीस, सहा आठवडे.'

"आणि माल्ट, बाबा?"

"माल्ट ऐच्छिक."