एक रविवार सोडून

टबातलं पाणी दहा मिनिटांत चार मिलिमीटर उतरलं, हे बाबांनी स्टीलच्या पट्टीने मोजून वहीत लिहिलं. मग दाराशी उभ्या असलेल्या मुलीला सांगितलं, की या वेगाने टब रिकामा व्हायला पावणेआठ तास लागतील. तेव्हा तो तुंबलाय असं काटेकोरपणे म्हणता येणार नाही.

"मग काय म्हणायचं?"

"मंदावलाय."

बाबांचं सगळं आयुष्य प्रयोगशाळेत गेलेलं. आई जाऊन चार महिने झाले होते. एका पहाटे झोपेतच तिचं हृदय बंद पडलं. आधी कधी छातीत दुखत होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाबांनी ठामपणे नाही म्हणून सांगितलं होतं. आठवड्याने त्यांना स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीच्या बारीक फुल्या दिसल्या. एक रविवार सोडून पुढच्या रविवारी, न चुकता. आई जुनी कॅलेंडरं फळ्यांवर अंथरायची. बाबांनी डबे उतरवून ती सगळी बाहेर काढली. आठ वर्षांच्या फुल्या निघाल्या.

रविवारी सकाळी बाबा वाचनालयात जायचे. तेवढ्या वेळात ती दुखणं अंगावर काढत पडून राहत असणार आणि खूण करून ठेवत असणार, असा त्यांनी निष्कर्ष काढला. दुखणं असं वेळापत्रकाने येत नाही, हे मुलीने परोपरीने सांगून पाहिलं. बाबांनी वाचनालयात जाणं सोडलं ते सोडलंच.

म्हणून आज टब तुंबला याचं मुलीला बरंच वाटलं होतं. निदान माणूस खोलीतून उठला.

पहिला उपाय सोडा आणि व्हिनेगरचा झाला. बाबांनी प्रमाण काढून दोन्ही ओतलं. फेस भरपूर आला, पाणी जागचं हललं नाही. मग त्यांनी शेजाऱ्यांकडून रबरी टोपीचा दांडा आणला आणि भोकावर धरून जोरात दाबला. टबाला वरच्या अंगाला आणखी एक भोक असतं, दोन्हींची नळी आत एकच असते, आणि दाबाखालचं पाणी मिळेल त्या वाटेने बाहेर पडतं. हे सगळं बाबांना पाठ होतं. ते आठवलं तेव्हा काळं पाणी मुलीच्या कपाळावरून ओघळत होतं.

"सिद्ध झालं?" तिने तोंड पुसत विचारलं.

मग कपडे अडकवायची तार सरळ करून आत घातली. ती वीतभर आत जाऊन मोडली आणि तुकडा आतच राहिला. बाबांनी टबाच्या बाजूची फळी काढली, नळीखाली बादली ठेवली आणि आटा सैल केला. बादली चटकन भरली. ती त्यांनी तत्परतेने उचलली आणि टबात ओतली. नळी खालून उघडी होती. पाणी बघता बघता पॅसेजमध्ये पोचलं. या वेळी मात्र कोणी वेळ मोजला नव्हता.

मुलीने प्लंबरला फोन केला.

प्लंबर म्हातारा होता. त्याने ओल्या पॅसेजकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि काही न विचारता चिमट्याने तारेचा तुकडा काढला, आटा आवळला. मग दाराच्या मागे खिळ्यावर हात फिरवला.

"इथली सुई कुठे गेली?"

"कुठली सुई?"

"वहिनींची. विणायची, टोकाला वाकवलेली."

ती सुई बाबांना तिथे मिळाली होती. वाकडी म्हणून त्यांनी ती पकडीने सरळ केली होती, जोडीतल्या दुसरीशी ताडून पाहिली होती आणि आईच्या विणकामाच्या पिशवीत नीट ठेवून दिली होती. त्यांनी ती आणून दिली. प्लंबरने गुडघ्यावर दाबून ती पुन्हा वाकवली, भोकात फिरवली आणि केसांचा गुंता वर काढला. पाणी गुडगुड करून खाली गेलं.

"या नळीला उतारच नाही," तो म्हणाला. "फरशी फोडायला लागली असती. मी वहिनींना म्हटलं, पंधरा दिवसांनी सुई फिरवत जा, विसराल म्हणून कॅलेंडरवर खूण करा. आठ वर्षं झाली त्याला."

बाबा टबाच्या काठावर बसले.

"मला कधी बोलली नाही."

"नकोच म्हणाल्या. ह्यांना कळलं तर उतार मोजत बसतील, म्हणाल्या, आणि सगळ्यांच्या अंघोळी राहतील."

प्लंबर गेल्यावर बाबांनी कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. शेवटच्या फुलीवर त्यांचं बोट थांबलं. आई गेली त्याच्या चार दिवस आधीची होती ती.

मुलगी शेजारी बसली. "चार दिवस आधी टबात वाकून हे करत होती," ती म्हणाली. "दुखत असतं तर वाकली असती का, बाबा?"

याला पुरावा म्हणत नाहीत, हे बाबांना ठाऊक होतं. त्यांनी तो घेतला.

पेन्सिल शोधून त्यांनी आजच्या रविवारवर फुली मारली. सुई खिळ्याला अडकवली. मग नोंद पुरी करायला हवी म्हणून टब वरच्या भोकापर्यंत भरला, हातात स्टॉपवॉच घेतलं आणि बूच काढलं. पाणी भोवऱ्यासारखं फिरत खाली जाऊ लागलं.

"किती लागला वेळ?" थोड्या वेळाने मुलीने स्वयंपाकघरातून विचारलं.

बाबांनी स्टॉपवॉचकडे पाहिलं. ते सुरूच केलेलं नव्हतं.