लाल चिंधीचा गुलाब

बबनराव गाडे गुलाबाच्या कळीला व्हर्नियर लावतात. कळीचा घेर मोजायचा, दांड्याची जाडी मोजायची, वहीत टिपून ठेवायचं आणि मग जाहीर करायचं, "पास!" किंवा "रिवर्क!" कळीत रिवर्क काय करणार, असं मी एकदा विचारलं.

"तुमाला न्हाई कळायचं, डिस्पॅच."

डिस्पॅच म्हणजे मी. भोसरीतल्या एकाच कंपनीत आम्ही दोघांनी उमेदीची वर्षं घालवली. ते क्वालिटीत, मी डिस्पॅचला. त्यांनी माल अडवायचा आणि मी तो गाडीत घालायला धडपडायचं. आता कासारवाडीत एकाच इमारतीत राहतो, पण त्यांनी मला नावानं हाक मारलेली नाही. "माणूस रिटायर होतो, खातं न्हाई," असं त्यांचं म्हणणं.

इमारतीची गच्ची हा त्यांचा कारखाना. झिनिया, झेंडू ही कंत्राटी मंडळी. हंगाम संपला की गेट बाहेर. गुलाब, मोगरा आणि अनंत परमनंट. "परमनंटला आजारपणात पण सांभाळावं लागतं, राव."

आणि आजारपण काय कमी? अलीकडे वसंत ऋतूला कसली शिस्तच उरलेली नाही. फाल्गुनात सकाळी स्वेटर, दुपारी घामाच्या धारा, संध्याकाळी चाकणकडून काळे ढग. मोबाईलवरचा हवामानाचा अंदाज दाखवला की बबनराव हसतात. "ते सप्लायरचं सर्टिफिकेट झालं. आपण सोता मोजल्याबिगर मटेरियल आत घ्यायचं न्हाई." मग गच्चीच्या कठड्यावर हात ठेवून, नाक वर करून ते वारा मोजतात. त्यांचा अंदाजही चुकतो, पण आत्मविश्वासानं चुकतो.

एकदा भर दुपारी गारा आल्या. बबनरावांनी जिन्यातून हाळी दिली आणि मी धावलो. त्यांनी गुलाबांवर हिरवी जाळी ओढली. मी डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट घालून दोन्ही हातांतल्या दोन छत्र्या मोगऱ्यावर धरून उभा राहिलो. पाऊण तासानं समोरच्या इमारतीतून टाळ्या वाजल्या तेव्हा कळलं, की मी मोगरा समजून तुळशीशेजारच्या रिकाम्या कुंडीचं रक्षण करत होतो.

चूक झाली की बबनराव सोडत नाहीत. कंपनीतली सवय. पाच वेळा 'का?' विचारायचं. टाकी का वाहिली? नळ उघडा राहिला. का राहिला? असं करत करत ते गुन्हेगारापर्यंत पोचतात आणि त्याचं नाव घेतल्याशिवाय फाईल बंद करत नाहीत. त्या गारांच्या दिवशी गच्चीवर त्यांनी मला सातदा 'का?' विचारलं.

आता माझ्या खऱ्या पराक्रमाकडे येतो.

गेल्या वर्षी गुढीपाडवा आठ दिवसांवर होता आणि बबनराव गावच्या जत्रेला निघाले. गच्ची माझ्या ताब्यात आली. "सकाळी पाणी घाला. वाळकं दिसलं तर काढा. बाकी काय सुधारायला जाऊ नका."

सुधारणा ही माझी जुनी खोड. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात, ऑइलच्या जुन्या डब्यात, एक गावठी गुलाब दिसला. फांद्या वाकड्या, कळ्या बोराएवढ्या. आणि बुंध्याला लाल चिंधी बांधलेली. आमच्या कंपनीत पास मालाला हिरवा टॅग, अडकलेल्याला पिवळा आणि लाल म्हणजे नापास, सरळ भंगारात. तीस वर्षं मी लाल टॅग पाहून हात चालवले होते. म्हटलं, बिचाऱ्याचं काढायचं राहून गेलं असेल, आपण मदत करावी. चार बोटं खुंट ठेवून सगळं छाटलं. मुळासकट उपटणार होतो, पण कंबर वाकेना. फांद्या घंटागाडीत टाकून, हात झटकून घरी आलो.

बबनराव आले, गच्चीवर गेले आणि बराच वेळ खाली आलेच नाहीत. मी वर गेलो. ते पालथ्या बादलीवर बसले होते.

"डिस्पॅच, हा गुलाब कुणी कापला?"

"मीच. लाल टॅग होता ना?"

"टॅग न्हाई हो ती." त्यांनी चिंधी बोटांत धरली. "हिच्या लुगड्याचा काठ हाय. तिनंच बांधलाय. म्हणली, ह्याला तुमचं माप लावायचं न्हाई आन् कात्री तर अजिबात न्हाई."

शकुंतलावहिनी तीन वर्षांपासून नाशिकला, लेकीकडे. नातवंडं लहान, लेकीची नोकरी. वहिनी वर्षातून एकदा पाडव्याला येतात, चार दिवस राहतात. पाडव्याच्या सकाळी याच झाडाचं फूल अंबाड्यात माळतात. बाकी सगळ्या गुलाबांना माघ पौर्णिमेला कात्री लागते, पंचेचाळीस दिवसांनी बरोबर पाडव्याला फूल. या एकाला सगळं माफ. सगळ्या गच्चीत मापात न बसताही, डेव्हिएशनवर, पास झालेला हा एकच माल, आणि मी तो भंगारात काढला होता.

मी पहिल्या 'का?' ची वाट पाहत उभा राहिलो. तो आलाच नाही. त्यानं जास्त जीव गेला.

पाडव्याला वहिनी आल्या. गच्चीवर गुढी उभारली आणि त्या थेट कोपऱ्यात गेल्या. मी गुढीची कडुलिंबाची डहाळी पुन्हा पुन्हा सरळ करत राहिलो.

"अहो, हे कुणी केलं?"

"माज्याच हातनं झालं," बबनराव म्हणाले. "कात्री घसरली."

"तुमची कात्री? घसरली?"

"व्हय. वय झालं."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी स्टेशनातून सुटणाऱ्या गाडीचे डबे मोजायला लागलो.

त्या खाली वाकल्या. खुंटाला मिरीएवढा तांबडा कोंब आला होता. "आता फूल कवा?"

"पंचेचाळीस दिवस. हवा बरी राहिली तर."

"आन् न्हाई राहिली तर?"

"तर मग... जास्त."

वहिनींनी तिथूनच लेकीला फोन लावला. "अगं, पोरांना सुट्टीच लागंल आता. त्यांनाच घिऊन ये इकडं. मी राहते हितं. झाडाचं काम निघालंय."

हवा बरी राहिली नाही. वैशाखात दोनदा अवकाळी पाऊस झाला, एकदा वळवाच्या वाऱ्यानं जाळी उडाली. फूल यायला पंचावन्न दिवस लागले; वहिनी तोवर राहिल्या आणि ते माळूनच नाशिकला परतल्या. बबनरावांनी ते मोजलं नाही. व्हर्नियर त्या दिवशी पेटीतच होता.

यंदा पाडव्याला आठ दिवस असताना माझी बेल वाजली. दारात बबनराव. हातात कात्री.

"डिस्पॅच, मी उद्या जत्रेला चाललोय. गच्ची तुमच्या ताब्यात."

"काळजी करू नका," मी म्हटलं, "त्या लाल चिंधीला या वेळी बोटसुद्धा लावणार नाही."

बबनराव हलले नाहीत. कात्री त्यांनी माझ्या हातात ठेवली, माझी बोटं तिच्यावर नीट मिटवली आणि जिन्याकडे बघत म्हणाले,

"तसं न्हवं राव. चार बोटं खुंट ठेवा. गेल्या वर्षीसारखाच."