चाळीस टक्के दीक्षा

स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, माणसांनी आता स्वतःबद्दल स्वतःच्याच शब्दांत लिहावं, असं भिलाईच्या एका मराठी मंडळाने एकमताने ठरवलं आणि गोष्टींची स्पर्धा जाहीर केली. कसं लिहावं, याची अकरा कलमी नियमावलीही लगोलग छापली.

भिलाईतल्याच सुपेला भागातल्या सव्वीस वर्षांच्या दीक्षाने दहा वाक्यांची गोष्ट आणून दिली. पहिलंच वाक्य होतं, ‘लोक मला स्वमग्न म्हणतात, मी मग्न असते ती कारखान्याच्या भोंग्यात.’ ही गोष्ट आपल्या नावाने, जशीच्या तशी वाचली जावी, एवढंच तिला हवं होतं.

अध्यक्ष शामसुंदरकाकांनी कागद उलटसुलट करून पाहिला. “बेटा, शुद्धलेखन एकदम करेक्ट हाय. शक येते न! अन् रडू येऊनच नाही राहिलं. कलम सात वाच, वाचक हेलावला पाहिजे.”

“तुमी खुर्चीत दोनदा हलले, काका. मी मोजलं.”

काकांनी दिव्यांगत्वाचं सरकारी प्रमाणपत्र मागितलं. छत्तीसगडचं प्रमाणपत्र हिंदीतच असायचं. त्यावर स्वमग्नसाठीचा हिंदी शब्द, ‘स्वपरायण’, लिहिला होता. स्पर्धा तर स्वमग्नांची! स्वपरायण माणसं हिंदीवाल्यांच्या अखत्यारीत येतात, असा आक्षेप रीतसर नोंदवला गेला. मराठी भाषांतर जोडल्यावर तो मागे घेतला, तेव्हा खालचा दिव्यांगत्वाचा आकडा दिसला. चाळीस टक्के.

“म्हणजे दहातली चारच वाक्यं चालतीन,” काका म्हणाले. “बाकीची सहा नॉर्मल लोकायची झाली. कोणती चार ठेवू?”

दीक्षाने प्रश्न मनापासून घेतला आणि आठ दिवस विचार केला. “काका, दहाही माहीच हायेत. टक्के मले देले, वाक्यायले नाही.”

पण तोवर वाचनाच्या कार्यक्रमाची पत्रिका छापून झाली होती. काकांनी आपल्या मर्जीची चार वाक्यं ठेवली. उरलेली सहा त्यांच्या पत्नीने, रेणूकाकूंनी, लिहिली. त्यांत न उमललेली कळी होती, आईचे अश्रू होते आणि शेवटी पंखही होते. कार्यक्रमात काकूंनीच थरथरत्या आवाजात सगळी गोष्ट दीक्षाच्या नावाने वाचली. सभागृह हुंदके देऊ लागलं.

पहिल्या रांगेतून दीक्षा उठली. “हे मी नाही लिहिलं.”

काका माइकवर गहिवरले. “पाहा! किती स्वमग्न हाय पोरगी! सोताचं लिखाण ओळखून नाही राहिली!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिलं बक्षीस तिलाच मिळालं.

मूळ दहा वाक्यांपैकी एकच वर दिलं आहे. उरलेली नऊ दीक्षाच्या वहीत आहेत. ती वाक्यं कोणी मागायला येईल म्हणून कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी दीक्षा संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत दारात बसून होती. मंडळाचं कोणी फिरकलं नाही. तुम्ही मात्र इथवर आलात, मंडळाला मनसोक्त हसलात. पण ती नऊ वाक्यं तुम्ही तरी कुठे मागितलीत?