जैसे थे ओहोळ

सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी नऊ ते दुपारी दीड या वेळेत, विधी महाविद्यालयाच्या माळ्याने महाविद्यालयामागचा ओहोळ साफ केला. या कृत्यासाठी त्याने एक फावडं, एक घमेलं आणि स्वतःची अक्कल वापरली. पैकी पहिल्या दोन वस्तू महाविद्यालयाच्या मालकीच्या होत्या. तिसरीबद्दल चौकशी समितीला पुढे बराच खल करावा लागला.

महाविद्यालय खाजगी होतं आणि पर्यावरण कायद्यासाठी लांबलांबपर्यंत नावाजलेलं होतं. हे सगळं नाव त्या एका ओहोळावर उभं होतं. सतरा वर्षांपूर्वी ओहोळ तुंबला, तेव्हा महाविद्यालयाने नगरपालिकेवर दावा लावला आणि न्यायालयाने निकाल लागेपर्यंत परिस्थिती 'जैसे थे' ठेवण्याचा आदेश दिला. तेव्हापासून ओहोळाला कुणी हात लावला नव्हता. त्याच्यावर अकरा जणांनी डॉक्टरेट मिळवली. दर सत्रात विद्यार्थी नाकाला रुमाल लावून बाटल्यांत पाणी भरत, डासांच्या अळ्या मोजत आणि अभिरूप न्यायालयात एकमेकांवर तुटून पडत. जलकायदा शिकवणाऱ्या प्राध्यापकांना सगळे नदीसर म्हणत. ते ओहोळाबद्दल बोलताना गहिवरायचे, पण त्या बाजूची खिडकी मात्र त्यांनी खिळे ठोकून बंद करून घेतली होती.

माळ्याची खोली नेमकी त्याच काठावर होती. त्याच्या बायकोला दर महिन्याला ताप यायचा, औषधाने उतरायचा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा हजर. माळ्याने ओहोळ साफ करावा म्हणून पाच अर्ज केले. पाचही अर्ज नदीसरांनी आनंदाने दाव्याला जोडले.

"काका, तुमच्या अर्जांनी आपली केस फार भक्कम झाली बघा," ते पाठीवर थाप मारून म्हणाले.

माळ्याने हे घरी सांगितलं. बायको गोधडीतून म्हणाली, "केस भक्कम होतेय आणि मी झिजतेय. अहो, तुम्ही माळी ना? मग जरा फावडं घ्या की हातात."

म्हणून त्याने फावडं घेतलं. काम वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं, कारण सगळी मेख रस्त्याखालच्या मोरीत होती. मोरीतून त्याने सतरा वर्षांच्या परिषदांचे फलक ओढून काढले. 'पाण्याला बोलू द्या' हा सगळ्यात आत अडकला होता. त्याच्यामागे चहाचे कागदी कप आणि पाहुण्यांच्या गळ्यातली ओळखपत्रं बाहेर पडली, आणि मग एकदम पाणी सुटलं. नगरपालिकेची गाडी सगळा गाळ घेऊन गेली. गाडीवाल्याला दाव्याची कल्पना नव्हती, त्यामुळे त्याने काही हरकत घेतली नाही.

पुढचा महिना बायकोला ताप आला नाही. तिने लग्नानंतर पहिल्यांदाच ओहोळाकडची खिडकी उघडली आणि तिथे बसून भाजी निवडली. माळी कामावर जाताना दोनदा मागे वळून बघायचा. इतका सुखी तो कित्येक वर्षांत नव्हता.

सुट्टी संपली. नदीसर बावीस विद्यार्थी आणि चव्वेचाळीस बाटल्या घेऊन काठावर आले. पाण्यातून तळाचे गोटे दिसत होते. एका मुलीने बाटली भरली, उजेडात धरली आणि विचारलं, "सर, आता यात मोजायचं काय?"

नदीसर तडक प्राचार्यांकडे निघाले.

दुपारी माळ्याला प्राचार्यांच्या खोलीत बोलावणं आलं. प्राचार्य मॅडमच्या उजव्या हाताला चौकशी समिती आणि डाव्या हाताला नदीसर, पाण्याचा ग्लास घेऊन.

"काका, हे काय करून ठेवलंत तुम्ही?"

"साफ केलं, मॅडम."

"कुणाच्या आदेशाने?"

"बायकोच्या."

"त्यांना या प्रकरणात आदेश देण्याचा अधिकार आहे?"

माळ्याने प्रामाणिकपणे विचार केला. "घरात तरी आहे," तो म्हणाला.

समितीने हे नोंदवून घेतलं. आरोप तीन होते: न्यायालयाच्या आदेशाचा अवमान, पुरावा नष्ट करणे आणि पर्यावरणाची अपरिमित हानी. तिसरा माळ्याला कळेना, तेव्हा नदीसरांनी समजावून सांगितलं. दर लिटरमागे चार हजार अळ्या न्यायालयाच्या दप्तरी नोंदल्या होत्या आणि आता त्या बेघर झाल्या होत्या. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी अळ्यांच्या बाजूने अर्ज तयारही केला होता.

"पंधरा दिवसांनी मूल्यांकन समिती येतेय," मॅडम थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "आपली जिवंत प्रयोगशाळा बघायला येतेय हो. त्यांना काय दाखवू? पाणी?"

निर्णय असा झाला की माळ्याने पंधरा दिवसांत ओहोळ दाव्याच्या वेळी झालेल्या मूळ पंचनाम्यानुसार पूर्ववत करावा, अन्यथा नोकरी व खोली सोडावी. महाविद्यालय स्वतः कचरा टाकू शकत नव्हतं, ते त्यांच्या हरित धोरणात बसत नव्हतं. पंचनाम्याची एक प्रत माळ्याला देण्यात आली, कागद वाचवण्यासाठी दोन्ही बाजूंनी छापलेली.

त्याने ती बायकोला वाचून दाखवली. एकशे चाळीस कप, बारा चपला, एक गादी, इत्यादी.

"टाकणार तुम्ही?" तिने विचारलं.

"हात उचलत नाही."

"मग नका टाकू. जाऊ दुसरीकडे. माझ्या भावाकडे महिनाभर राहू." असं म्हणून तिने भांडी बांधायला काढली. मग खिडकीपाशी जाऊन उगाच उभी राहिली. "एवढं बाकी करा," ती म्हणाली, "आपण गेल्यावर कुणी घाण करू नये, असं काहीतरी लिहून जा."

माळ्याने फळी घासली, पांढऱ्या रंगाने सुबक अक्षरांत लिहिलं: 'ओहोळ स्वच्छ आहे. कृपया येथे कचरा टाकू नये.' पाटी त्याने रस्त्याच्या कडेला रोवली. तोवर लोकांना तिथे ओहोळ आहे हेच ठाऊक नव्हतं. वास येतो म्हणून सगळे पलीकडच्या फुटपाथने जायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीखाली एक पिशवी होती. माळ्याने ती उचलली. तिसऱ्या दिवशी सात होत्या, त्याही उचलल्या. पाचव्या दिवशी त्याची पाठ धरली. आठव्या दिवशी कुणीतरी गादी आणून टाकली. एक सभ्य गृहस्थ फिरायला आले, थांबले, त्यांनी पाटी पूर्ण वाचली आणि माळ्याला म्हणाले, "छान उपक्रम आहे हो. लोकांना शिस्त लागायलाच हवी." मग हातातली पिशवी पाटीला टेकवून ते पुढे गेले.

चौदाव्या दिवशी चौकशी समितीने पंचनामा ताडून पाहिला. सगळं जुळलं, चपला तर आठ जास्त भरल्या. मॅडमनी मुदतीपूर्वी काम केल्याबद्दल माळ्याचं कौतुक केलं, नोकरी आणि खोली कायम ठेवली. नदीसरांनी त्याला मिठीच मारली. मूल्यांकन समितीने नाकाला रुमाल लावून सर्वोच्च श्रेणी दिली.

त्याच संध्याकाळी बायकोला ताप भरला. तिने खिडकी लावून घेतली आणि भांडी पुन्हा फळीवर मांडली, कारण एवढ्या तापात भावाकडे जाणं शक्य नव्हतं. तिच्या कपाळावर पाण्याची घडी ठेवून माळी बाहेर आला आणि मोरीच्या तोंडाशी अडकलेली त्या सभ्य गृहस्थांची पिशवी त्याने काठीने ओढली. ती फाटली. आत सालं होती, औषधांच्या बाटल्या होत्या आणि वाचून झालेलं एक मासिक. मासिकात अशाच एका तुंबलेल्या ओहोळाची गोष्ट होती, कायदेवाल्यांची टर उडवणारी.

गोष्टीखाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं: 'अगदी खरं आहे! लोकांना वाचायला द्यायला हवं.'