अनुमोदक गुलाब मणेर

सन दोन हजार अठरा. मी सदुसष्ट वर्षांचा होतो, नगरपरिषदेत चार नंबर वॉर्डाचा सदस्य होतो, आणि सभागृहातल्या एका माणसाशी दीड वर्षं बोलत नव्हतो.

त्या माणसाचं नाव गुलाब मणेर. धंदा बांगड्यांचा. त्याची खोड अशी, की सभेत कुणीही उठून काहीही मांडायला लागलं की बोलणं संपायच्या आत ह्याचा उजवा हात वर जायचा आणि हा म्हणायचा, “अनुमोदन.”

ज्यांनी नगरपरिषदेची सभा बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथं एकट्या माणसाचा ठराव उभा राहत नाही. मांडतो तो सूचक, आणि त्याला पाठबळ देतो तो अनुमोदक. अनुमोदक मिळाला नाही तर ठराव जागेवर पडला, त्यावर चर्चासुद्धा नाही. आमच्याकडं सूचक बदलत गेले, पक्ष बदलले, अध्यक्ष बदलले. अनुमोदक वीस वर्षं एकच. सभेचा लिपिक सुतार आदल्या दिवशीच वहीत ओळीनं लिहून ठेवायचा, ‘अनुमोदक : श्री. गुलाब मणेर’. सूचकाची जागा तेवढी कोरी.

गटारीचा उतार, डासांची फवारणी, मोकाट कुत्री, शाळेचा पत्रा, सगळ्याला गुलाबचं अनुमोदन. एकदा पाणीपुरवठा सभापती नुसता उठून म्हणाला, “मला जरा बाहेर जाऊन यायचंय.” गुलाबचा हात वर. सुतारनं लिहून घेतलं.

बाहेरही तेच. चहाच्या टपरीवर कुणी म्हणालं, “आज लय उकडतंय,” की “अनुमोदन.” थोरल्या मुलीची सोयरीक ठरवायला नवरा-बायको पलूसला गेले, तेव्हा मुलाकडच्यांनी लग्न एप्रिलमध्ये काढू म्हणताच ह्यानं हात वर केला. त्याची बायको जैनब शेजारी बसली होती. ती म्हणाली, “आवं, घरात इचारायचं असतं.” हा म्हणाला, “त्यालाबी अनुमोदन.”

आता माझ्याबद्दल. माझं शिक्षण चौथी, तीसुद्धा दोनदा बसून. पण मोटर रिवायंडिंगचं दुकान मी चाळीस वर्षं चालवलंय आणि माझ्या हातनं भरलेली मोटर परत आलेली नाही. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून विषयपत्रिका मी आदल्या दिवशी पुरी वाचून येतो. वकील असलेले सदस्य सभेत आल्यावर पाकीट फोडतात.

गुलाब आणि मी एका वयाचे. आधी आमचं चांगलं होतं. त्याला एकदा आष्ट्याहून येताना एस.टी.त विचारलं होतं, “गुलाब, तुला सगळंच कसं रं पटतं?”

तो म्हणाला, “पटतंय कुठलं, बापू. निम्मं तर मला कळतबी न्हाई.”

“मग हात कशाला वर करतोस?”

तो खिडकीतनं बघत राहिला. मग म्हणाला, “मी बारा वर्साचा असल्यापास्नं दारोदार हाळी घातलीया. बापाच्या मागं, डोक्यावर बांगड्यांची पेटी, पार माण तालुक्यात दहिवडीपतोर. दारात उभं राहून हाळी घालायची. आतनं ‘नगं’ म्हनलं तरी चालतं. शिवी दिली तरी चालतं. पर कोन काय बोलतच न्हाई, तवा मानूस दारात वाळतो बघा. पुढं जाता येत न्हाई, मागं फिरता येत न्हाई. सभेत कोन उभं राह्यलं की मला ते दार आठवतं. म्हनून आपली ‘ओ’ द्यायची.”

मी म्हणालो, “बरं हाय.” आणि सोडून दिलं. बांगड्या विकणाऱ्या माणसानं नगरपालिकेत असा विचार करावा हे मला काही पटलं नाही.

मग भांडण झालं. आमचा गुरुवारचा बाजार पेठेत भरतो. तो स्टँडमागच्या मैदानात न्यावा अशी मी सूचना मांडली. माझं दुकान पेठेत आहे, बाजाराच्या दिवशी दुकानात मोटर आणायला वाट राहत नाही, हे खरं आहे. पण लोकांचाही त्रास होता. मी मांडली, गुलाब म्हणाला, “अनुमोदन.” मी छाती पुढं काढून बसलो.

लगेच समोरच्या पार्टीचे पाटील उठले. म्हणाले, “माझी उपसूचना. बाजार आहे तिथंच राहावा.”

“अनुमोदन.”

तोच माणूस, तोच हात. मधे खालीसुद्धा घेतला नव्हता. सभागृह हसायला लागलं. मतदान झालं आणि मी पडलो.

मी उठून म्हणालो, “गुलाब, येका म्यानात दोन तलवारी घालतोस व्हय रं?”

तो म्हणाला, “दोघंबी उभं हुता, बापू. येकाला ‘ओ’ द्यायची आन येकाला वाळत ठिवायचं, ह्ये कसं करू?”

“माझी सूचना पडली तुझ्यापायी.”

“पडली म्हनू नगा. वाढली म्हना.”

आमच्याकडं बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, अशुभ असतं. वाढली म्हणतात. पण सूचना काय बांगडी आहे? माझं डोकं फिरलं. मी भर सभेत सांगितलं, “ह्यो मानूस सभेत काय मांडंल, त्याच्या मागं मी जिता हाय तवर हात वर करनार न्हाई. लिहून घे, सुतार.”

सुतारनं लिहून घेतलं. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करायचा विषय आला, तेव्हा त्यात माझी शपथसुद्धा कायम झाली. अनुमोदक : श्री. गुलाब मणेर.

त्या दिवसापासून बोलणं बंद. माझी खुर्ची त्याच्या खुर्चीला लागून, तरी बंद. तो यायचा, “सलाम, बापू,” म्हणायचा. मी पंख्याकडं बघायचो. त्याच वर्षी त्याची जैनब गेली. मी मातीला गेलो, मागं उभा राहिलो आणि न बोलता आलो. शपथ हात वर करण्याची होती, बोलण्याची नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण एकदा धरलेलं सोडायची सवय आम्हाला नाही.

त्याचा धंदाही तोवर बसला होता. पोरी आता लेडीज शॉपीत जातात. ह्याला पेठेतल्या प्रत्येक बाईच्या हाताचं माप तोंडपाठ. रस्त्यानं एखादी दिसली की म्हणायचा, “वैनी, हाताची हाडं वर आल्यात, जेवत न्हाई व्हय?” बायका हसायच्या, आणि बांगड्या दुसरीकडं घ्यायच्या.

आता त्या सभेचं सांगतो. विषय नंबर अकरा, ‘शहरातील शिल्लक तीन सार्वजनिक नळकोंडाळी बंद करणेबाबत’. घरोघर नळ झालेत, कोंडाळ्यावर पाणी वाया जातं, म्हणून ती तोडायची. मुख्याधिकारी साहेब नवे होते, कामाला वाघ. पाटलांनी सूचना मांडली आणि सवयीनं थांबले.

अनुमोदन आलं नाही.

सगळे गुलाबकडं बघायला लागले. त्याचे दोन्ही हात मांडीवर. शेवटी पाटलांच्याच शेजाऱ्यानं हात वर केला आणि गुलाब उठून उभा राहिला. वीस वर्षांत मी त्याला सभेत उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. हात वर करायला उठावं लागत नाही.

“माझी उपसूचना हाय,” तो म्हणाला. “पिंपळाखालचं येक कोंडाळं राहू द्यावं.”

अध्यक्षबाईंनी विचारलं, “कारण काय, भाई?”

“असू द्या की. येकच हाय.”

“तुमच्या घरासमोरचं ना ते? तुमच्या घरात नळ नाही का?”

“हाय.”

“पाणी येतं?”

“लय जोरात येतं.”

“मग?”

गुलाबनं टोपी काढली, परत घातली. “मानसं येत्यात तिथं,” म्हणाला. एवढंच.

“बरं. अनुमोदक?”

कुणी बोललं नाही. आणि ह्यात कुणाचा डाव होता असंही नाही. सगळ्यांनी सवयीनं गुलाबच्या खुर्चीकडं बघितलं. अनुमोदन तिथनं यायचं असतं हे गावाच्या अंगात मुरलेलं. खुर्ची रिकामी होती, कारण तो उभा होता.

सुतार लिहिता लिहिता थांबला. “मॅडम, घोटाळा झालाय. सूचक मणेर, आन अनुमोदकात मी आधीच मणेर लिहून ठेवलंय.”

सभागृह हसलं. मुख्याधिकारी म्हणाले, “स्वतःचं स्वतःला चालत नाही. दुसरं कोणी आहे का?”

त्याच्या सगळ्यात जवळ मी होतो. माझा हात आणि त्याचा सदरा ह्यात वीतभर अंतर. मी दोन्ही तळहात मांडीखाली दाबून धरले आणि विषय नंबर बारा वाचायला लागलो. विषय बारा मोकाट जनावरांचा होता. मी तो चार वेळा वाचला. गुलाबनं एकदा माझ्याकडं बघितलं, हे मला न बघता कळलं.

तो उभाच होता. पुढं जाता येत नाही, मागं फिरता येत नाही.

अध्यक्षबाई म्हणाल्या, “बसा, भाई. उपसूचना पडली.”

तो बसला. हळूच म्हणाला, “वाढली.”

मुख्याधिकाऱ्यांनी तिथंच सांगितलं, उद्या सकाळी नऊ वाजता फिटर जाऊन नळ काढेल. संध्याकाळी नगरपालिकेची रिक्षा भोंगा लावून गावभर फिरली. कोंडाळी बंद, नागरिकांनी नोंद घ्यावी.

घरी हौसानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, ताट वाढलं आणि समोर बसली. तिची बहीण पिंपळाच्या बोळात राहते, त्यामुळं तिथली बातमी आमच्या घरी नगरपालिकेच्या आधी येते.

“भाईचं नळाचं काय झालं?” तिनं विचारलं.

“पडलं.”

“कुनीच हात वर केला न्हाई?”

“न्हाई.”

“तुमी हुता की तिथं.”

“माझी शपथ हाय.”

“शपथ ऱ्हाऊ द्या उतरंडीला,” ती म्हणाली. “भाईच्या घरात नळ हाय, पर त्यो सोडत न्हाई, म्हाईत हाय का? जैनबभाभी हुती तवा पानी आलं की बाया तिच्या दारात हाळी घालायच्या. ‘भाभी, पानी आलं वं.’ ती आतनं ‘ओ’ द्यायची आन कळशी घिऊन यायची. ती गेली. चौथ्या दिवशी माझ्या भनीनं सवयीनं हाळी घातली आन जीभ चावली. तर आतनं भाईनं ‘ओ’ दिली. कळशी घिऊन भाईर आला, नंबराला हुबा ऱ्हायला. तवापास्नं बाया रोज त्याला हाळी घालत्यात. पोरी दोन्ही सासरी. दिसभरात त्याच्या दारात तेवढी एकच हाळी असती.”

मी भाकरी मोडत होतो.

“त्या नळाला पानी किती येतं ठावं हाय?” ती म्हणाली. “करंगळीयेवढं. बायाबी आता त्याच्यासाठीच जात्यात, निम्म्या. घरी नळ हायेत की समद्यांच्या.”

“मग ह्ये त्यानं सभेत सांगायचं.”

“काय सांगायचं? सभेत उभं ऱ्हाऊन, की मला कोन हाळी घालत न्हाई म्हनून?” तिनं माझ्या ताटात आमटी वाढली. “तुमी सांगितलं असतं?”

मी सांगितलं नसतं. जेवण पुरं केलं, ताट टाकलं नाही. पण काय खाल्लं ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी माळ्यावरनं पितळी घागर काढली. लग्नातली घागर, सोळा लिटरची. हौसानं विचारलं, “कुठं?” मी म्हणालो, “शपथ हात वर करायची हाय. घागर उचलायची न्हाई.”

पिंपळाखाली कुणी नव्हतं. रिक्षा फिरल्यामुळं बायकांनी कोंडाळं बंद धरलं होतं. पण पाणी आलेलं होतं, करंगळीएवढं, सिमेंटवर पडत होतं. समोर गुलाबचं दार लावलेलं.

मी दारासमोर उभा राहिलो. चाळीस वर्षं लोक माझ्या दुकानात येऊन मला हाका मारतात. मी कुणाच्या दारात उभं राहून हाक मारल्याचं आठवत नाही.

“गुलाब, पानी आलं रं.”

आतनं काही नाही. मी तसाच उभा. दार बघत राहिलो. दाराला हिरवा रंग होता, खालच्या बाजूला पोपडे सुटलेले. मला वाटलं, फिरावं.

“गुलाब!”

“ओ,” आतनं आलं. मग जरा वेळानं कळशी वाजली आणि दार उघडलं. टोपी नव्हती, दाढी वाढलेली. तो माझ्याकडं बघत राहिला, मग घागरीकडं.

“बापू, तुमी? तुमच्याकडं पानी आलं न्हाई व्हय?”

“आलंय.”

“चल,” मी म्हणालो. “तुझा नंबर आधी. मी तुझ्या मागं.”

त्याची कळशी भरायला पाव तास लागला. तेवढ्यात माझी मेहुणी दारातनं डोकावली, आत गेली आणि घागर घेऊन आली. तिच्या मागं आणखी दोघी. एक म्हणाली, “आगं बया, सदस्यबी पान्याला आलं.” मी दाद दिली नाही. कळशी भरली तसं तिथंच कट्ट्यावर बसून गुलाबनं माझ्याबरोबर दीड वर्षाचं बोलणं काढलं. मी ऐकून घेतलं.

पाणी साडेसातला गेलं. बायका गेल्या. त्यांना मी आधी भरू दिलं होतं, त्यामुळं माझी घागर निम्मीच भरली होती. ती मी नळाखालीच ठेवली.

नऊ वाजता नगरपालिकेचा फिटर पाना घेऊन आला. घागरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

“बापू, घागर काढा. नळ काढायचाय.”

“भरली न्हाई अजून.”

“आवं, पानी गेलं. आता उद्या.”

“मग उद्या ये,” मी म्हणालो. “भरंपतोर घागर हितनं हलायची न्हाई.”

फिटरनं पाना ह्या हातातनं त्या हातात घेतला. “मग साहेबास्नी काय सांगू?”

मी घागर नळाखाली नीट सरकवली. शेजारी कट्ट्यावर गुलाब मणेर बसला होता. त्यानं सवयीनं हात वर केला.