बिनकडीचं घर

वानखडे सिस्टरांच्या घरी आंघोळीला गेलेल्या माणसाला पाढे म्हणावे लागतात. गाणं येत असेल तर गाणंही चालतं, पण आवाज थांबता कामा नये. कारण त्यांच्या बाथरूमला आतून कडी नाही. बाथरूमलाच काय, मुख्य दार सोडलं तर त्या घरात एकाही दाराला कडी नाही. फ्लॅटचा ताबा मिळाला की लोक आधी देव्हारा कुठे ठेवायचा ते ठरवतात. सिस्टरांनी आधी सुतार बोलावला आणि होत्या तेवढ्या कड्या काढायला लावल्या.

आमच्याकडचा नळ तुटला त्या दिवशी हिनं मला टॉवेल देऊन समोर पाठवलं. मी ऐटीत एकोणतीसचा पाढा सुरू केला. डोक्याला साबण लावल्यावर एकोणतीस साते किती हे कोणाला आठवतं? लगेच दारावर थाप पडली.

"काऊन थांबले जी? बरे आहात ना?"

दोनशे तीन म्हणेपर्यंत थापा चालूच होत्या.

सिस्टर मूळच्या यवतमाळकडच्या. पुण्यात राहून त्यांची बाकी भाषा इकडची झाली, 'काऊन' आणि 'जी' तेवढे तिकडचेच राहिले. नोकरी मनोरुग्णालयात. त्यांच्याबरोबरच्या काही जणी बाहेर नुसतं "हॉस्पिटलात" म्हणून वेळ मारून नेतात. सिस्टर लिफ्टमध्ये ठणकावून सांगतात, "मेंटलला आहे मी."

"जनरल वॉर्डला बदली का नाही मागत?" असं हिनं एकदा मायेनं विचारलं.

"काऊन? तिकडं जायला रांग लागते, इकडं यायला माणूस नाही. दोघींचं काम एकटी ओढते आणि वर बदली मागू? शिकाऊ पोरी येतात, पहिल्या दिवशी भिंतीला चिकटून उभ्या राहतात. जायच्या दिवशी रडतात. पण नोकरीला परत कोणी येत नाही."

भेटेल त्याला "झोप लागली का जी?" असं विचारायची त्यांना सवय. कर्वेनगरात सकाळी सकाळी असली चौकशी म्हणजे घुसखोरीच. आमचे चेअरमन परचुरे एकदा म्हणाले, "आमच्याकडे दुसऱ्याची झोप विचारायची पद्धत नाही."

"म्हणूनच लागत नाही," सिस्टर म्हणाल्या आणि दूध घेऊन वर गेल्या.

तर या उन्हाळ्यात सिस्टरांनी जाहीर केलं की आशा आता त्यांच्याकडे राहायला येणार. आशा त्यांच्याच वॉर्डातली. बरी होऊन बराच काळ झालेला, पण न्यायला घरचं कोणी फिरकलं नाही. आता तिला शिवणाचं काम मिळालं होतं, राहायला छप्पर तेवढं हवं होतं. सिस्टरांनी रीतसर परवानग्या काढल्या. सोसायटीत मात्र लगेच सभा बोलावली गेली.

सिस्टर दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. परचुऱ्यांनी घसा साफ केला. "आमचा विरोध नाही. पण इथे लहान मुलं आहेत."

"आहेत ना. आशाला आवडतात."

"उद्या तिनं काही केलं तर?"

"मागच्या सभेत पार्किंगवरून तुम्ही खुर्ची उचलली होती. मध्ये मी पडले होते. आशानं आजवर खुर्ची उचलली ती केर काढायला."

मागच्या रांगेत कोणीतरी खोकून हसू लपवलं. परचुरे लाल झाले. "अहो, पण जबाबदारी कोणाची?"

"माझी. वॉर्डात होतीच, इथंही राहील." सिस्टर उठून उभ्या राहिल्या. "तुम्ही ठराव लिहा. बऱ्या झालेल्या बाईला आम्ही आमच्यात राहू देत नाही, असा. स्वच्छ अक्षरात लिहा. पहिली सही कोण करतं?"

पुणेकर कोणालाही खरमरीत पत्र लिहील, पण असल्या कागदावर पहिली सही करणार नाही. सगळे पंख्याकडे बघू लागले. मग चहा आला आणि ठराव तसाच राहिला. मला त्या बाईचा इतका अभिमान वाटला की मी दोन कप प्यालो.

आशा यायच्या दिवशी सिस्टर माझ्या दारात उभ्या. "तुमचं ड्रिल हवंय. बाथरूमला कडी बसवायची आहे."

"काऊन?" या वेळी मीच विचारलं.

"वॉर्डात तिला इतक्या वर्षांत कधी आतून कडी लावता आली नाही. आता ती घरी येतेय."

मी भोक पाडायची खूण केली आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, "मग तुम्ही काढल्या कशाला होत्या?"

सिस्टर स्टूल धरून उभ्या होत्या. "नोकरीला लागलो तेव्हा क्वार्टरमध्ये सुमन आणि मी राहायचो. तीही मेंटललाच सिस्टर. वॉर्डाच्या दारांना कड्या नव्हत्या, आमच्या क्वार्टरला होती. एक दिवस सुमननं ती आतून लावली. दार तोडलं, पण उशीर झाला. वॉर्डभर सगळ्यांना झोप लागली का विचारत फिरायचो जी. तिला कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही."

मी ड्रिल सुरू केलं.

मी हत्यारं आवरत होतो तोवर आशा आली. एक पिशवी, तेल लावून घट्ट घातलेली वेणी. सिस्टरांनी तिला टॉवेल दिला, नवी कडी दाखवली. आशानं ती दोनदा सरकवून पाहिली आणि आत गेली. कडी लागल्याचा आवाज आला.

सिस्टर दाराबाहेर स्टूलवर बसल्या. आत पाणी पडत होतं, मग थांबलं. सिस्टर झटकन उठल्या, थाप मारायला हात वर गेला आणि तसाच राहिला.

"सिस्टर, वॉर्डातल्यासारखे पाढे म्हणू का?" आशानं आतून विचारलं.

"काऊन?" सिस्टर वॉर्डातल्या करड्या आवाजात ओरडल्या. "काही म्हणायचं नाही. घर तुझं आहे. सावकाश कर आंघोळ."

मग त्या पुन्हा स्टूलवर बसल्या, ओढणी तोंडाशी धरली आणि आत ऐकू जाणार नाही इतक्या हळू, स्वतःच म्हणू लागल्या. बे एके बे, बे दुणे चार.