डोमाजीची तार

वीज तारेवरून डोमाजीच्या कानात उतरली, तेव्हा आम्ही सात बाया चिखलातून त्याच्या पडवीकडे पळत होतो. पांढरा उजेड झाला आणि डोमाजी खुर्चीसकट मागे पडला.

डोमाजी आमचा शेजारी, आंधळगावचा रिटायर लाइनमन. बायको वारलेली. एकुलती पोरगी ज्योत्स्ना बंगलोरला, उपग्रहाच्या कामात. त्या उपग्रहाला कोळ्याच्या पायांसारख्या लांब तारा असतात म्हणे, पृथ्वीभोवती पसरलेली वीज मोजायला. पोरीने फोनवर हे सांगितलं आणि याने दुसऱ्याच दिवशी घरावरून शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, मोहाच्या झाडापर्यंत तार ओढली. तारेचं टोक आवाज ऐकवणाऱ्या डबीत, डबीतून कानात.

"वर रिकामं नाई वो वहिनी, गच्च भरून हाये!"

पाहुण्याला पाण्याआधी डबी. बायकोच्या तेरवीला आलेल्यांच्याही कानाला लावली.

एका पहाटे माझी पाळी आली. आधी तेलात मोहरी तडतडावी तसं झालं. मग लांबून एक शिट्टी आली, उंचावरून खाली खाली उतरली आणि विझली. अंगणात आम्ही दोघंच. माझ्या मानेवर काटा आला.

"कोन वाजवून राहिला रे?"

"कोनी नाई. समुद्रापल्याड वीज पडली. तिचा आवाज वर गेला, वळसा घालून इकडे उतरला. पोरीचा उपग्रहबी आता हेच आयकून राहिला."

"मंग पोरीलेच फोन कर ना."

"ते कामात राहते," म्हणाला आणि डबी परत घेतली.

तडतड वाढली, म्हणजे वीज जवळ आली, की तो थाळी वाजवून आम्हाला शेतातून बोलवायचा. मग तारेचं टोक काढून जमिनीत खुपसायचा, लाइनमनची शिस्त. निम्म्या वेळा थेंबही पडायचा नाही. "डोमाजीच्या कानात पाऊस पडला," आम्ही हसायचो.

त्या दिवशी त्याच्याच बांधीत, भाताच्या खाचरात, रोवणी होती. धानाची उपटलेली रोपं तशीच ठेवली तर मरतात. थाळी वाजली. मी ओरडले, "एवढा पट्टा होऊ दे! तू आयकत राह!"

तार काढली असती तर वीज किती जवळ आली ते त्याला कळलं नसतं. त्याने काढली नाही. थोड्या वेळाने असा ओरडला की आम्ही हातातल्या जुड्या टाकून पळालो. मागे बांधीच्या कडेचा मोह उभा चिरला.

दुसऱ्या दिवशी ज्योत्स्ना दवाखान्यात आली. जळकी डबी हातात घेऊन खाटेजवळ बसली.

मी म्हटलं, "तुह्या उपग्रहाचं आयकत होता."

"मोठी आई, माझा उपग्रह अजून वर गेलाच नाही. टेबलावर आहे. बाबांना माहीत आहे."

मी डोमाजीकडे पाहिलं. त्याचे दोन्ही कान अजून बंद होते, ओठ वाचून त्याला कळलं असावं.

"तो वर गेल्यावर तू जे आयकशीन, त्याची सवय करून राहिलो होतो," तो पोरीला म्हणाला.

आम्ही सातही बाया जगलो. डोमाजीही जगला, फक्त डाव्या कानाने अजून ऐकू येत नाही.